‘मुलगा असून रडतोस?’ हे तोंडात येतं कुठून

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न थोडक्यात असा. तुमचं वय छत्तीस, राहायला जुळे सोलापूर. वडील गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात. गिरणीला कुलूप लागलं तेव्हा तुम्ही आठवीत होतात. त्यानंतर वडील घरात असूनही नसल्यासारखेच राहिले. तुमच्याशी सलग पाच वाक्यं बोलल्याचं तुम्हाला आठवत नाही. आपण असा बाप व्हायचं नाही, हे तुम्ही तेव्हाच ठरवलं होतं. आणि गेल्या महिन्यात तुमचा सहा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला, गुडघा फुटला, त्यानं भोकाड पसरलं आणि तुमच्या तोंडून गेलं, ‘मुलगा असून रडतोस?’ शब्द वडिलांचे, सूरही त्यांचाच. हे रक्तातून येतं का, असं तुम्ही विचारलंय. आणि शिकवलेलं असेल, तर शिकवणारा माणूस कधी बोललाच नाही, मग शिकलो कधी?

हा शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस मला सत्तावीस वर्षांत फार क्वचित भेटला. मी कौटुंबिक समुपदेशन आणि व्यसनमुक्तीचं काम करतो. माझ्यासमोर बसणाऱ्यांत पुरुष पुष्कळ, पण त्यातले बहुतेक बायकोनं नाहीतर आईनं हाताला धरून आणलेले. स्वतःहून आलेला पुरुष दारातच ओळखू येतो. तो म्हणतो, ‘सर, एका मित्राबद्दल विचारायचं होतं.’

सोलापुरात हे समजावणं सोपं आहे. आपल्या पूर्व भागातलं पोरगं घरी तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, गल्लीत दखनी, आणि शेजार लिंगायतांचा असेल तर कन्नडही. शिकवणी कुणी लावलेली असते का? जीभ जन्मानं मिळते, भाषा भोवतालची. पुरुषपणाचंही तसंच आहे. शरीर घेऊन आपण येतो. त्या शरीरानं कसं चालायचं, कुठं रडायचं, कुणापुढं वाकायचं, हे आजूबाजूच्या माणसांकडून उचलतो. गप्प बसणाऱ्या बापाकडून मूल गप्प बसणंच शिकतं. आणि माणूस चार भाषा बोलत असला तरी पैसे मोजताना, शिवी हासडताना आणि घाबरल्यावर तो मातृभाषेतच जातो. मुलाच्या गुडघ्यातून रक्त आलेलं बघून तुम्ही घाबरलात आणि बापभाषेत गेलात. त्या क्षणी झालं ते एवढंच.

रक्ताचा भाग थोडक्यात उरकतो. मुलगा-मुलगी यांच्या शरीरात फरक असतो, संप्रेरकांत असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संप्रेरकं हुकूम सोडतात आणि माणूस पाळतो, इतका सरळ मामला नाही. फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन साडेचार वर्षांच्या अंतरानं दोनदा मोजलं गेलं. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. मधल्या काळात जे बाप झाले त्यांच्यात ते इतरांपेक्षा बरंच जास्त उतरलं होतं, आणि जे रोज तीन-तीन तास लेकराचं करत होते त्यांच्यात ते सगळ्यांत कमी होतं. म्हणजे आपण काय काम करतो याप्रमाणे शरीरही बदलतं. (हे वाचून काही जण लेकराला हात लावायचंच सोडून देतील, अशी मला भीती आहे.)

बाईचं काम, पुरुषाचं काम हे जागेगणिक बदलतं. पुस्तकांतून यासाठी न्यू गिनी बेटावरच्या टोळ्यांची उदाहरणं देतात. आपल्याला अशोक चौकाच्या पलीकडं जायची गरज नाही. बिडी घ्या. सोलापुरात बिडी वळणं हे बाईचं काम. हजारो बायका सकाळी सूप मांडीवर घेऊन बसतात. भिजवलेली पानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरायचा, वळायची, दोरा मारायचा, आणि हजारावर मजुरी. कुणालाही विचारा, पुरुष का नाही वळत? उत्तर ठरलेलं, ‘बायकांची बोटं चपळ असतात.’ पण केरळातल्या कन्नूरला १९६९ साली दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हा तिथं ओळीनं बसून बिड्या वळणारे बहुतेक पुरुष होते. एक जण वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकत हात चालवायचे, आणि त्यातूनच युनियन तयार व्हायची, पुढारी तयार व्हायचे. तेच पान, तोच तंबाखू, दहा बोटंही तीच. तिथं ते मर्दाचं, राजकारणाचं काम, आणि इथं बाईनं घर सांभाळून करायचं.

माग उलट दिशेला जातो. आसामात, मणिपुरात हातमाग बाईचा; लग्नाच्या मुलीला विणता आलं पाहिजे अशी अपेक्षा. आपल्याकडं धोटा पुरुषाच्या हातात, बायका-पोरांनी कांड्या भरायच्या. १९०५ साली सोलापुरात माग पाहणाऱ्या माणसाला तुम्ही सांगितलं असतं की विणणं हे बायकी काम आहे, तर त्यानं तुम्हाला वेड्यात काढलं असतं. आसामात बरोबर त्याच्या उलट. कामाला लिंग नसतं, ते आपण चिकटवतो. आणि चिकटवताना बहुतेक वेळा पैसा आणि मान कुणीकडं आहे ते पाहून चिकटवतो. घरात भाकरी आईनं थापायची, पण लग्नात पाचशे पानांचा स्वयंपाक आला की आचारी पुरुष. तिथं चुलीपाशी उभं राहिल्यानं कुणाची मिशी खाली येत नाही, कारण त्याचे पैसे मिळतात.

आता शब्दांकडं या. कन्नडमध्ये पुरुष ‘गंडसु’ आणि नवरा ‘गंड’; तेलुगूत ‘मगाडु’ आणि ‘मोगुडु’. पुरुष म्हणजे नवरा, एकाच मुळाचे शब्द. मराठीनं त्याच्या पुढं मजल मारली. आपल्याकडं नवऱ्याला मालक, धनी, कारभारी म्हणतात. हे नातं नव्हे, ही पदं झाली. आणि पद म्हटलं की ते जाऊ शकतं. शिवाय ‘करता’ आहेच. घरात कमावतं कुणीही असो, ‘करता पुरुष गेला’ असंच म्हणतात. ‘करती बाई गेली’ हे मी आजवर ऐकलेलं नाही. सांख्य दर्शनात पुरुष काहीच करत नाही, तो नुसता साक्षी, सगळी उठाठेव प्रकृतीची. पूर्व भागातल्या काही घरांत ते दर्शन इतकं तंतोतंत पाळलं जातं की कपिल मुनींनी येऊन बघावं.

विनोद बाजूला ठेवतो, कारण यापुढं तुमचे वडील येतात.

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढं शंभर वर्षं या गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. गिरणीनं पगार दिलाच, पण पुरुषाला पुरुष म्हणून मोजायचं मापही दिलं. पाळी, खातं, हजेरीचं कार्ड, पगाराच्या दिवशी खिशातून निघणारा खाऊचा पुडा, ‘पोरगा गिरणीत परमनंट आहे’ या एका वाक्यावर ठरणारं लग्न. शेतीवरून आलेल्या, कोरडवाहू रानावर वर्षात चार महिने रिकाम्या बसणाऱ्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट होती, ते मला माहीत आहे. मी मंगळवेढ्याकडचा, माझे दोन चुलते असेच आले. मग गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कार्ड गेलं. माप मात्र तसंच राहिलं, आणि घोटाळा होतो तो इथंच. परीक्षा रद्द झाली नाही, फक्त पुस्तक काढून घेतलं. तुमच्या वडिलांकडं दुसरं पुस्तक नव्हतं. बायकोशी बोलावं तर काय, पोराला जवळ घ्यावं तर कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं, कारण तोवर पगार आणून दिला की बापाचं काम झालं, अशीच रीत होती.

एक जोडपं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दहा-बारा वर्षांपूर्वी ते माझ्याकडं यायचे. तो यंत्रमागावर होता, चादरीच्या कारखान्यात. तक्रार दारूची. पहिल्या दिवशी मी त्याला नेहमीचा प्रश्न केला, ‘काय करता?’ तो भिंतीकडं बघत राहिला. बायकोच पटकन म्हणाली, ‘मागावर हायेत.’ पुढं तिसऱ्या भेटीत कळलं, त्याचं काम सुटून आठ महिने झाले होते. घर तिच्या बिड्यांवर चालत होतं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना पानाचा आणि तंबाखूचा रंग कायमचा बसला होता, आणि त्याच हातानं ती नवऱ्याचं खोटं झाकत होती. त्याला वाचवायला की स्वतःला? ‘हिचा नवरा बायकोच्या जिवावर जगतो’ हे तिलाही ऐकायचं नव्हतं.

हळूहळू तो बोलायला लागला. म्हणाला, ‘सर, मी पानं कापून देतो की. दोरा पण मारतो.’ मी म्हटलं, बरंच आहे की मग. तो म्हणाला, ‘दार लावून.’ दुपारी गल्ली सामसूम झाली की दार ओढून घ्यायचं आणि दोघांनी बसायचं. कुणी कडी वाजवली की सूप तिच्या मांडीवर सरकवायचं आणि आपण खाटेवर आडवं व्हायचं. म्हणजे काम करताना दिसण्यापेक्षा रिकामं पडलेलं दिसणं त्याला बरं वाटत होतं! आणि आठवड्यातून दोनदा वळलेल्या बिड्या कारखान्यावर पोचवायच्या असायच्या. ओझं जड, तिची कंबर दुखायची, म्हणून पिशवी तो घ्यायचा. पण वळणापर्यंतच. वळणावर कारखान्याचं दार दिसायला लागलं की पिशवी तिच्या हातात द्यायची आणि पानटपरीपाशी थांबायचं.

ते वळण मी त्याच्याबरोबर जाऊन पाहिलं. साधंच होतं, एक लिंबाचं झाड आणि बंद पडलेला हापसा. मी विचारलं, ‘इथून पुढं कोण बघतंय?’ तो म्हणाला, ‘चेकर असतो, रिक्षावाले असतात.’ म्हणजे सगळे पुरुष. रांगेतल्या शंभर बायकांचं त्याला काहीच नव्हतं.

माझ्या मते पुरुषपणाचं सगळं कोडं त्या वळणावर आहे. पुरुषपण बाईला दाखवण्यासाठी असतं असा एक समज आहे. ते मुख्यतः दुसऱ्या पुरुषांना दाखवायचं असतं. परीक्षक ते, निकाल लावणारेही तेच, आणि आतून तेही तितकेच टरकलेले. ऑस्ट्रेलियाच्या समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी याची नीट मांडणी केली आहे: पुरुषपण एक नसतं, अनेक असतात, आणि त्यांची उतरंड असते. वरच्या मडक्यासारखं व्हायची धडपड सगळ्यांची, तिथं पोचणारे थोडे. आपल्याकडं उतरंडीत जातही येते. २०१७ मध्ये गुजरातेत दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मिशी केसांचीच असते, पण ती कुणी पिळायची हे गाव ठरवतं. आपल्या सोलापुरातल्या सेटलमेंटच्या तारेआड ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या माणसांना हजेरी द्यावी लागायची, १९५२ साली सुटका होईपर्यंत. ज्याला स्वतःच्या घरी परतायची वेळ दुसरा ठरवून देतो, त्यानं पोराला ‘मर्द हो’ म्हणायचं ते कोणत्या तोंडानं? तरी म्हणत असतील. जास्तच म्हणत असतील.

मी स्वतः काही वेगळा नाही. आमची मुलगी तान्ही होती तेव्हा बायकोची नोकरी दिवसाची, म्हणून लंगोट धुणं माझ्याकडं होतं. धुवायचो निमूट. पण गच्चीवर वाळत घालायला जायचो रात्री दहानंतर. दिवसा व्यासपीठावरून समानतेवर बोलायचो आणि रात्री चोरासारखे चिमटे लावायचो. शेजारचे निवृत्त मास्तर एकदा गच्चीवर सिगारेट ओढताना भेटले. तेही चोरूनच आलेले. दोघंही काही बोललो नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत दिवसभरात घरकाम केलेले पुरुष शंभरात २६ निघाले आणि बायका ८१. करणाऱ्यांतही पुरुषाची सरासरी ९७ मिनिटं, बाईची २९९. त्या आकड्यात दार लावून पानं कापणारे आणि रात्री लंगोट वाळत घालणारे किती लपले असतील, असं मला नेहमी वाटतं. फार नसतील. पण असतील.

लाजेची किंमत कमी नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात शंभरात जवळजवळ ७२ पुरुष, आणि चौथा हिस्सा रोजंदारीवरच्या माणसांचा. कारणं अनेक असतात, पण ‘मी निकामी झालो’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की घड्याळाकडं बघत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुरुषांच्या वेदनेवर बोलायला लागलं की ती सोयीस्कर निसटते. वर सांगितलेला तो माणूस, दारू पिऊन बायकोवर हात उचलायचा. लाज त्याला वाटत होती, मार तिला बसत होता. लाजेनं कारण कळतं, माफी मिळत नाही. मी पहिली अट तीच घातली होती, हात उचलला तर भेटी बंद आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली तक्रार लिहून द्यायला मी तिच्याबरोबर येणार. तिला हे त्याच्यासमोर सांगितलं. १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषजातीला भर बाजारात विचारलं होतं की जे दुर्गुण बायकांवर थापता ते तुमच्यात नाहीत का. तो प्रश्न अजून उत्तराची वाट बघतोय. आपल्या दुःखाची कहाणी सांगून तो टाळता येत नाही.

आता जरा वेगळं बोलतो. संस्कृती पुरुषाला फक्त आवळते असं नाही. तिनं सवलतीही ठेवल्यात, आपण त्यांच्याकडं बघत नाही. आषाढीला पंढरपूरला गेला असाल. तिथं साठीचा, गळ्यात माळ, भरघोस मिशीचा शेतकरी दुसऱ्या तशाच माणसाला कडकडून मिठी मारतो, एकमेकांच्या पायाला हात लावतात, फुगड्या घालतात, आणि कळस दिसला की ओक्साबोक्शी रडतात. कुणी म्हणतं का, ‘बायल्या’? त्यांचा देव विठ्ठल, पण ते त्याला विठाई म्हणतात. ज्ञानेश्वर पुरुष, आणि हाक ‘माउली’. त्यांच्या विराण्या तर विरहिणीच्या तोंडच्या. इतकं मऊपण ज्या मातीत चालतं, तिथंच तो शेतकरी घरी परतला की लेकाच्या खांद्यावर हात ठेवायला बिचकतो. यल्लमाच्या साडी नेसलेल्या जोगत्याच्या पायाही तो पडतो, आणि घरी पुतण्याची चाल जरा नाजूक वाटली तर त्याला तालमीत पाठवतो. नियम माणसाला नसतो, जागेला असतो. आणि या जागेतला नियम त्या जागेत नेता येतो, एवढ्यावरच माझा धंदा चालतो.

सिद्धरामेश्वरांचा हा प्रदेश शरणांचा, म्हणजे लिंगायत संतांचा. त्यांच्याच परंपरेतले दासिमय्या विणकर होते. त्यांच्या एका वचनाचा आशय असा, की स्तन आणि लांब केस दिसले की लोक बाई म्हणतात, दाढीमिशी दिसली की पुरुष म्हणतात, पण आत जो जीव वावरतो तो ना बाई ना पुरुष. एका विणकराला हे शेकडो वर्षांपूर्वी मागावर सुचलं. मी हे चादरीच्या कारखान्यातल्या कामगारांना सांगतो तेव्हा सगळे मान डोलावतात. मग एखादा म्हणतो, ‘पण सर, ते देवमाणूस होते.’ झालं, आपण मोकळे.

आजच्या पोरांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमचा मुलगा तिकडंच निघालाय म्हणून दोन ओळी. एका वसतिगृहात मी अकरावी-बारावीच्या पोरांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, ‘शेवटचं कधी रडलास?’ नाव घालायचं नव्हतं. तेवीस चिठ्ठ्या. नऊ कोऱ्या. सहा जणांनी २०१९च्या उपांत्य सामन्यातला धोनीचा रनआउट लिहिला. एकानं लिहिलं, ‘आजी गेली तेव्हा. बाथरूममध्ये. नळ सोडून.’ मोबाइलवर दंड फुगवून मर्दानगी शिकवणारे आता पुष्कळ झालेत, आणि त्यांच्यावर सगळं खापर फोडायची पद्धत आहे. मला वाटतं ते फक्त गिऱ्हाईक ओळखतात. नळ सोडून रडणारं पोरगं हे त्यांचं गिऱ्हाईक, आणि ते आपण घरी तयार करून पाठवतो. तालमीला मी नावं ठेवणार नाही. चांगला वस्ताद पोराला हरायला शिकवतो, आणि पाठीला माती लागल्यावर पुन्हा उभं राहायला. हे आता फार ठिकाणी मिळत नाही.

नसबंदीला पुरुष बिचकतात, तेही दुसऱ्या पुरुषांच्या नजरेच्या भीतीनंच. आणीबाणीत, १९७६-७७ मध्ये ऐंशी लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, आणि कित्येक सक्तीनं. तेव्हाची दहशत अजून उतरलेली नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांची शस्त्रक्रिया ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. शस्त्रक्रिया बिनटाक्याची असते, दुसऱ्या दिवशी माणूस हिंडतो-फिरतो, सगळं सांगून झालं की नवरा म्हणतो, ‘कमजोरी येते म्हणतात.’ कोण म्हणतं? वळणावरचे रिक्षावाले.

आता तुमचं.

मुलाला तुम्ही जे बोललात त्याची भरपाई भाषणानं करू नका. सहा वर्षांच्या पोराला ‘पुरुषांनीही रडावं’ हे ऐकवून काही होत नाही. त्याला पुढच्या वेळी इतकंच विचारा, ‘कुठं लागलं, दाखव.’ हळद लावा, फुंकर घाला. रडणं थांबायची वाट बघा, थांबवू नका. आणि कधी तुमच्या तोंडून ते जुनं वाक्य पुन्हा निघेल. तेव्हा ‘चुकलं माझं’ हे त्याच्या देखत म्हणा. बापाला चुकता येतं, हे त्यानं एकदा पाहिलं की पुष्कळ काम होतं. बायको घरात असताना आणि मित्र दारात असतानाही हे म्हणता यायला हवं. दुसरं कठीण आहे, ते आधी.

वडिलांचं अवघड आहे, आणि इथं मी तुम्हाला आशा वाढवून सांगणार नाही. सत्तरीच्या माणसाला समोर बसवून ‘बाबा, तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं?’ विचाराल तर ते ‘काय वाटायचंय’ म्हणून उठून जातील. आपल्याकडचे पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, बाजूला बसून बोलतात. एसटीत, बांधावर, मोटरसायकलवर मागं बसून, हात कशात तरी गुंतलेले असताना. नजर चुकवायला जागा लागते. ती द्या. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतो तेव्हा पाहा: बाराबंदी घातलेला एक माणूस तो उंच, जड ध्वज पेलतो, सगळं गाव त्याच्याकडं बघतं, पण त्याच्या अवतीभवती हात पुढं करून चालणारे असतात, तोल गेला तर धरायला. तुमच्या वडिलांच्या वेळेला ध्वज होता, भोवतालचे हात पांगले होते. आता तुम्ही शेजारून चाला, एवढंच.

ते ‘आता माझं काय उरलंय’ असं वारंवार म्हणत असतील, झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर मात्र थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि मित्रासाठी विचारतोय म्हटलं तरी चालतं.

तो पिशवीवाला माणूस पुढं काय झाला, ते विचाराल म्हणून सांगतो. दारू पूर्ण सुटली नाही. वर्षात दोन-तीनदा घसरायचा. हात उचलणं थांबलं, असं ती म्हणाली, आणि मी ते तिच्या एकटीच्या तोंडून ऐकलं म्हणून धरतो. पिशवी एक दिवस त्यानं वळणाच्या पुढं नेली. रिक्षावाल्यांपैकी एक जण ओरडला, ‘काय मालक, आज कारखान्यावर?’ हा म्हणाला, ‘व्हय, हिची कंबर धरलीय.’ रिक्षावाला म्हणाला, ‘आमच्या हिची बी.’ इतकंच झालं. तो मला म्हणाला, ‘सर, एवढ्यासाठी आठ महिने मी त्या झाडाखाली हुबा हुतो?’

तुमचे वडील साचेखात्यात होते म्हणालात. तुटलेला धागा जोडायची विणकरी गाठ त्यांच्या बोटांत अजून असणार; डोळे मिटून, क्षणात मारतात ती माणसं, आणि ओढली तरी सुटत नाही. घरात दोऱ्याचं रीळ असेलच. नातवाला घेऊन त्यांच्या बाजूला बसा आणि म्हणा, ‘बाबा, याला ती गाठ दाखवा, मला काही येत नाही.’ तुम्हाला खरंच येत नसेल, म्हणून खोटंही होणार नाही.